आधी भाजी ठरवा, मग मासा की चिकन ते

प्रश्न थोडक्यात असा: घरात चार माणसं, दोघं नोकरी करणारी, संध्याकाळी स्वयंपाकाला जेमतेम पाऊण तास. आठवड्यातून तीन-चार रात्री मासा किंवा चिकन आणि हंगामातली ताजी भाजी, एवढंच हलकं जेवायचं ठरवलंय. पण चिकन चामड्यासारखं होतं, मासा पॅनला चिकटून तुटतो आणि आठवड्याच्या शेवटी काळी पडलेली पालेभाजी टाकून द्यावी लागते. चुकतंय कुठं? आणि उरलेल्या माशाचं काय करायचं?

स्वयंपाक हा माझा वीस वर्षांचा धंदा आहे आणि शिकायला येणाऱ्यांपैकी निम्मे तरी याच तीन तक्रारी घेऊन येतात. तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी चूक एकच असते. तुम्ही घड्याळ पाककृतीचं पाळता, पदार्थाचं पाळत नाही. कागदावर 'वीस मिनिटं शिजवा' लिहिलेलं असतं, म्हणून चिकन वीस मिनिटं आचेवर राहतं. वेळापत्रकात मासा शुक्रवारी असतो, म्हणून तो शुक्रवारपर्यंत फ्रीजमध्ये पडून राहतो. त्या तुकड्याची जाडी किती आणि तो मासा पाण्याबाहेर येऊन किती दिवस झाले, हे कागदाला काय ठाऊक?

तर सुरुवात फ्रीजपासून करू. तिथलं सुधारलं की निम्मं काम झालं.

भाजी तोडल्यावरही जिवंत असते. ती श्वास घेते, साठवलेली साखर खर्च करते आणि पानांतून पाणी सोडत राहते. कोवळा मटार किंवा मक्याचं कणीस बाहेर ठेवलं, तर एका दिवसात त्याची गोडी जाणवण्याइतकी उतरते. गाजर किंवा बीट जमिनीखाली अन्न साठवण्यासाठीच वाढलेलं असतं, त्यामुळे ते दोन आठवडे सहज दम धरतं. खरेदीच्या दिवशी पिशवी ओट्यावर उलटी करा आणि या दमानुसार रांग लावा. पालेभाजी, कोथिंबीर, मटार, मका पहिल्या दोन दिवसांत. फरसबी, काकडी, वांगी, ढोबळी मिरची त्यानंतर. कोबी, गाजर, बीट, लाल भोपळा सगळ्यात शेवटी. याच रांगेला मासा आणि चिकन जोडा: खरेदी झाली त्याच रात्री मासा आणि पालेभाजी, दुसऱ्या रात्री चिकन आणि फरसबी. त्यापुढे कोबी-गाजर आणि चिकनचं उरलेलं सूप. आज काय करायचं, हा प्रश्न मग रोज संध्याकाळी सोडवत बसावा लागत नाही.

फ्रीजमधल्या बऱ्याच नासाडीमागे शेजारही असतो. सफरचंद, केळी, पिकलेला टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. तो भाजीला पिवळी पाडतो आणि गाजरात कडवटपणा आणतो. त्यामुळे फळांचा आणि पालेभाजीचा कप्पा वेगळा ठेवा. पालेभाजी आधी धुऊन ठेवायची असेल तर पूर्ण कोरडी करून, कापडात सैल गुंडाळून ठेवा. ओली भाजी पिशवीत घट्ट बांधली तर तुम्ही ती हातानं कुजवताय. टोमॅटो पिकेपर्यंत फ्रीजबाहेर राहू दे. साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचा वास मरतो आणि नुसता आंबटपणा उरतो. कांदा-बटाटाही बाहेरच, पण एकमेकांपासून लांब.

हंगामी भाजीचा आग्रह मी पावित्र्याचा भाग म्हणून धरत नाही. हंगामात ती भरपूर येते, जवळून येते, वाटेत कमी दिवस काढते आणि म्हणून चवीला लागते. चव मुळात असली की तेल-मसाला कमी लागतो. 'हेल्दी' म्हणतात ते बरंचसं इथंच साधतं. आणि हंगाम नसताना फ्रोझन मटार वापरायला अजिबात लाजू नका. तो तोडल्यावर काही तासांतच उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेला असतो. चार दिवस टोपलीत बसलेल्या 'ताज्या' मटारापेक्षा तो बऱ्याचदा गोड निघतो.

हंगाम माशालाही असतो, हे मात्र फार कमी लोक लक्षात घेतात. अंडी घालण्याच्या आधी मासा खाऊनपिऊन भरलेला, अंगात चरबी असलेला असतो. अंडी घालून झाली की तोच मासा रोडावतो, मांस पाणचट लागतं. आज एखादा मासा फिका लागला तर दर वेळी दोष तुमच्या हाताचा नसतो.

मासा घेताना डोळे, कल्ले आणि बोट या तीन गोष्टी बघा. डोळा फुगीर आणि नितळ हवा, खोल गेलेला आणि दुधाळ नको. कल्ले लाल, करडे नकोत. बोटानं दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून यायला हवा. कापलेली तुकडी घेत असाल तर यातलं फार काही दिसत नाही, तेव्हा नाकावर भिस्त ठेवा. ताज्या माशाला पाण्याचा वास असतो, माशाचा नसतो. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं बिनवासाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात आणि तो आपला ओळखीचा 'मासळीचा वास' येऊ लागतो. लिंबू लावल्यावर वास कमी होतो, कारण आम्लामुळे ते द्रव्य हवेत उडेनासं होतं. वास दबला म्हणून शिळा मासा ताजा होत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाला कधी चिखलाचा वास येतो, तो जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा. तिथंही आंबट कामी येतं.

घरी आणल्यावर मासा नुसता फ्रीजमध्ये ठेवणं पुरेसं नाही. ५ अंशांवर तो शून्य अंशाच्या मानानं दुपटीहून जास्त वेगानं खराब होतो, आणि आपले फ्रीज बहुतेक ४-५ अंशांवरच चालतात. म्हणून जाळीच्या भांड्यात बर्फ, त्यावर पिशवीतला मासा, वर पुन्हा थोडा बर्फ आणि वितळलेलं पाणी साठायला खाली एक ताट. बांगडा, तारली, ट्यूना अशा गडद मांसाच्या माशांना तर क्षणभरही उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. उबेत त्यांच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून नष्ट होत नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं, असं सगळं होतं आणि लोक समजतात आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. मीही एका उन्हाळ्यात हा धडा घेतलाय. बाजारातून येताना वाटेत दोन कामं उरकली आणि रात्री जेवणाऱ्या चौघांचे कान लाल झाले. तेव्हापासून पिशवीत बर्फाचा डबा असल्याशिवाय मासा उचलत नाही.

आता पॅनकडे येऊ. मासा चिकटतो तो दोन कारणांनी: अंगावर पाणी असतं किंवा पॅन पुरेसा तापलेला नसतो. माशाला मीठ लावून १०-१५ मिनिटं ठेवा. पृष्ठभागावर पाणी सुटेल. ते कापडानं दाबून टिपून घ्या, पुसल्यासारखं करू नका. पॅन आधी तापवा, मग तेल घाला, तेल पातळ होऊन लहरायला लागलं की तुकडी कातडीची बाजू खाली करून ठेवा आणि पहिली १० सेकंद उलथण्यानं हलकेच दाबून धरा, म्हणजे कातडी आकसून वर वळणार नाही. यापुढचं सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीही न करणं. तुकडी उचलून बघायचा मोह आवरा. खालची बाजू खरपूस झाली की ती स्वतःहून सुटते. सुटत नसेल तर झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कडेनं बघत राहा. पांढरेपणा तळापासून वर चढताना दिसतो. तो दोन तृतीयांश उंचीपर्यंत आला की उलटा, अर्धा-एक मिनिट ठेवा आणि उतरवा.

माशाला इतक्या कमी वेळाची गरज का, हे एकदा कळलं की हात आपोआप आवरतो. मासा पाण्यात तरंगतो, त्याला आपलं वजन पेलावं लागत नाही, म्हणून त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन कमी आणि नाजूक असतं. ते ५०-५५ अंशांनाच विरघळतं आणि मांसाच्या पाकळ्या सुटू लागतात. ६० च्या पुढे त्या पाकळ्या पाणी पिळून टाकतात. सुरीचं टोक सर्वांत जाड भागात घालून हलकं फिरवा. पाकळ्या सुटताहेत पण मध्यभागी किंचित पारदर्शक आहे, अशा वेळी आच बंद करा. उरलेली उष्णता बाकीचं काम करते. अन्नसुरक्षेचा अधिकृत आकडा मात्र ६३ अंशांचा आहे. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर तोच पाळा. जाडीच्या दर इंचाला १० मिनिटं, हा जुना ठोकताळा ओव्हनसाठी आणि वाफेसाठी ठीक आहे, पण मी नेहमी दोन-तीन मिनिटं आधी सुरी घालून बघते.

पाऊण तासाच्या स्वयंपाकात मला तळण्यापेक्षा झाकणाखालचा मासा जास्त सोयीचा वाटतो. पसरट कढईत दोन चमचे तेल, त्यात उभा चिरलेला कांदा आणि लसूण. कांदा मऊ झाला की चार टोमॅटोंच्या मोठ्या फोडी, मीठ, थोडी मिरी. टोमॅटो विरघळून रस सुटला की बोटभर लांबीची फरसबी आणि अर्धी वाटी पाणी घालून ७-८ मिनिटं झाकण ठेवा. फरसबी दाताखाली किंचित करकरीत लागेल अशा वेळी मीठ लावून टिपलेल्या माशाच्या तुकड्या वर मांडा. रसात बुडवू नका, भाजीच्या गादीवर निजवा. झाकण, मंद आच, ६ ते ७ मिनिटं. उतरवल्यावर कोथिंबीर आणि लिंबू. फरसबी संपली की तिथं दुधी, फ्लॉवर, पालक, जे ज्या महिन्यात चांगलं मिळेल ते येतं. फक्त मासा घालायच्या क्षणी भाजी जवळजवळ शिजलेली हवी. पालक असेल तर तो माशाच्याही नंतर, शेवटच्या मिनिटाला. तेलाचा हात अगदीच आखडू नका. टोमॅटोतलं लायकोपिन आणि गाजर-पालकातलं बीटा कॅरोटिन ही पोषक रंगद्रव्यं अंगी लागायला थोडं तेल लागतंच. नुसती उकडलेली भाजी समोर ठेवून घरच्यांना छळण्यात काही पुण्य नाही.

लिंबू शेवटी, यालाही कारण आहे. हिरव्या भाजीचा रंग क्लोरोफिलचा. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि भाजी शेवाळी होते. नुसती हिरवी भाजी करायची असेल तर भरपूर उकळत्या मिठाच्या पाण्यात, झाकण न ठेवता, ५-६ मिनिटांच्या आत काढा. क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, म्हणून वाफवणं त्याहून बरं. उकळलंच तर ते पाणी सूपला ठेवा.

आता चिकन. तुमची खरी तक्रार इथंच आहे, म्हणून जरा थांबून बोलते.

पहिलं, चिकन नळाखाली धुणं सोडा. मला ठाऊक आहे, हे वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील. माझ्याही पडल्या होत्या. पण धुण्यानं कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे आजार पसरवणारे जिवाणू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकच्या भोवती, धुऊन ठेवलेल्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. ते मरतात उष्णतेनं. रक्ताचे डाग, पिसांचं काही दिसत असेल तर ओल्या कागदानं पुसून काढा. मन मानतच नसेल तर भांड्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हातानं खंगाळा आणि नंतर सिंक साबणानं घासा.

दुसरं, छाती आणि मांडी हे दोन वेगळे पदार्थ आहेत असं समजा. कोंबडी दिवसभर चालते, उडते क्वचितच. म्हणून पायाच्या मांसात रंगद्रव्य, चरबी आणि कोलॅजन जास्त, छातीत जवळजवळ काहीच नाही. छातीचा तुकडा ७४ अंशांना सुरक्षित असतो आणि ८० ला कोरडा ठाक होतो. मधे जेमतेम तीन-चार मिनिटं असतात. मांडी ७४ ला सुरक्षित असली तरी रबरासारखी लागते. कोलॅजन विरघळून ती मऊ होते ८०-८५ ला. दोन्ही एकाच भांड्यात, एकाच वेळी घालून 'चिकन शिजलं' म्हणालात की एक भाग नक्की बिघडतो. रोजच्या घाईत मांडी घ्या, ती चुका पोटात घालते. छाती घ्यायचीच तर आडवी चिरून दोन पातळ काप करा किंवा जाड टोक लाटण्यानं ठोकून सगळीकडे सारखी जाडी करा. जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला दुप्पट नव्हे, जवळपास चौपट वेळ लागतो. तोपर्यंत बाहेरचं वाळून जातं. तुमच्या 'वीस मिनिटां'चा घोळ इथं आहे.

तिसरं, मीठ आधी लावा. किलोला १० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोला चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमी. मीठ आधी पाणी बाहेर खेचतं, मग ते खारं पाणी अर्ध्या-पाऊण तासात परत आत मुरतं आणि प्रथिनांना पाणी धरून ठेवायला लावतं. शिजताना चिकनचं पाव वजन सहज कमी होतं, ती गळती यानं आटोक्यात राहते. सकाळी डब्यांच्या गडबडीतच मीठ चोळून, झाकून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. खाली अशासाठी, की ओघळ सॅलडवर पडू नये. आलं, लसूण, दही यांचं वाटण लावायला हरकत नाही, पण ते पृष्ठभागापुरतंच असतं, रात्रभर ठेवूनही काही मिलिमीटरच्या आत जात नाही. आत जातं ते मीठ. आंबट जास्त वेळ ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो.

कातडीसकट मांडी मिळाली तर ती थंड पॅनमध्ये, कातडी खाली करून ठेवा आणि मग मध्यमहून मंद आच लावा. तापलेल्या पॅनचा नियम मी आत्ताच माशाला सांगितला आणि इथं बरोबर उलटं सांगतेय, पण कातडीखालची चरबी हळूहळू वितळून निघाली तरच ती कुरकुरीत होते. १५-१८ मिनिटांनी उलटा, जास्तीची चरबी एका वाटीत काढा, दोन चमचेच ठेवा आणि त्यात कोबीचे जाड काप किंवा गाजराचे तिरके तुकडे मांडीभोवती लावा. आणखी १०-१२ मिनिटं. चिकन होतं तोवर गाजराच्या कडा खरपूस झालेल्या असतात. हाडाजवळ गुलाबी दिसलं म्हणून घाबरू नका. कोवळ्या पक्ष्याच्या हाडातला मगज शिजताना बाहेर झिरपतो, त्याचा तो रंग असतो. उलट कधी पांढरं दिसणारं मांसही कच्चं असू शकतं. रंगावरून निदान होत नाही, म्हणून खुपसायचा डिजिटल थर्मामीटर घ्याच. सर्वांत जाड भागात, हाडाला टेकू न देता. आकडा छातीला ७४, मांडीला ८०-८५. महिनाभर वापरलात की बोटाच्या दाबावरूनच कळायला लागेल.

सुट्टीच्या दिवशी माझा बेत ठरलेला असतो: अख्खी कोंबडी, कांदा, गाजर, मिरीचे दाणे, मीठ, बुडेल इतकं पाणी. उकळी आली की आच इतकी मंद, की पाण्यातून मधूनच एखादा बुडबुडा वर यावा. खळखळून उकळलेलं चिकन पाण्यातही कोरडं होतं, हे लोकांना पटत नाही, पण पाणी आत धरून ठेवणारी प्रथिनंच आकसल्यावर बाहेर कितीही पाणी असून उपयोग काय? पाऊण ते एक तासात होते. छातीचं मांस पहिल्या रात्री भात आणि वाफवलेल्या भाजीबरोबर, मांड्यांचं सुटं करून दुसऱ्या रात्री, आणि सूपच्या पाण्यात तिसऱ्या रात्री कोबी, बीट, भोपळा. मुलांना भाजी खायला लावण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मध्यभाग रात्रभर कोमट राहतो, म्हणून पसरट डब्यांत वाटून ठेवा. तीन-चार दिवसांत संपवा.

प्रमाणाचं फार मनावर घेऊ नका. ताटाचा अर्धा भाग भाजीनं भरला, मासा किंवा चिकन तळहाताएवढं असलं की पुरे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या आणि ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. पहिला आकडा रात्रीच्या जेवणात निम्मा गाठता येतो. दुसऱ्यासाठी तयार सॉस आणि सूपचे क्यूब कपाटातून हलवा. मासे आठवड्यातून दोनदा, त्यातला एकदा बांगड्यासारखा तेलकट, कारण ओमेगा-३ ही चांगली चरबी त्यातच भरपूर असते. शार्क, स्वोर्डफिशसारखे मोठे शिकारी मासे गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देऊ नका, त्यांच्यात पारा साठतो.

उरलेल्या माशाचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. पुन्हा गरम करू नका. दुसऱ्यांदा तापवला की तेलकट माशाची चरबी खवट लागते आणि घरभर वास सुटतो. थंडच, पाकळ्या सुट्या करून, काटे बोटांनी चाचपून काढा. त्यात काकडी, कच्चा कांदा, लिंबू आणि थोडं तेल. दुसऱ्या दिवशी डब्यात पावाबरोबर छान लागतो, फक्त डबा ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवा.